गर्भाचे जठर कुठे दिसले, ते रिपोर्टात लिहा

प्रति,
संपादक,
स. न. वि. वि.

१८ ते २२ आठवड्यांच्या दरम्यान होणाऱ्या अ‍ॅनोमली स्कॅनचा (गर्भात काही दोष आहे का ते पाहणाऱ्या सोनोग्राफीचा) रिपोर्ट हाती आला की घरातले सगळे त्यात ‘नॉर्मल’ हा शब्द शोधतात. तो दिसला की जीव भांड्यात पडतो. गर्भाची छाती आणि पोट यांच्या बाबतीत मात्र हा एक शब्द फार तोकडा आहे. जठर, श्वासपटल (छाती आणि पोट यांच्यामधला पडदा), पोटाची भिंत, मूत्रपिंडे, मूत्राशय यांपैकी प्रत्यक्ष काय दिसले आणि काय दिसू शकले नाही, हे रिपोर्टात वेगवेगळे लिहिले जावे, यासाठी हे पत्र.

जठराचेच घ्या. गर्भ गर्भजल गिळत असतो, आणि सोनोग्राफीत द्रव काळा दिसतो. त्यामुळे जठर पोटात डावीकडे काळ्या बुडबुड्यासारखे दिसते. ‘डावीकडे’ म्हणजे गर्भाच्या डावीकडे, पडद्याच्या नव्हे. म्हणून आधी गर्भाचे डोके वर आहे की खाली आणि पाठीचा कणा कोणत्या बाजूला आहे हे पाहून त्याची डावी बाजू ठरवायची, मग जठर आणि हृदयाचे टोक दोन्ही तिकडेच आहेत का ते पाहायचे. घाईत उलटे होते. जठर दिसले तीच डावी बाजू असे धरले जाते, आणि अवयवांची बाजू खरोखर बदललेली असली तरी ती नजरेतून सुटते.

छातीत हृदयाचे चारही कप्पे दिसतील असा आडवा छेद घेतला की हृदयाने सुमारे एक तृतीयांश जागा व्यापलेली असते आणि त्याचा अक्ष डावीकडे साधारण ४५ अंशांनी कललेला असतो. या चित्रात हृदयाशेजारी काळा बुडबुडा दिसला आणि हृदय उजवीकडे ढकलले गेले असेल, तर श्वासपटलाच्या हर्नियाची शंका घ्यायलाच हवी. श्वासपटलात भोक राहून जठर आणि आतडी छातीत चढतात, फुप्फुसांना वाढायला जागा उरत नाही. दहापैकी आठाहून अधिक वेळा हे भोक डाव्या बाजूला असते. उभ्या छेदात श्वासपटल बारीक काळसर कमानीसारखे दिसते, पण कमानीचा पुढचा भाग दिसला म्हणून निर्धास्त होता येत नाही, कारण भोक बहुधा मागच्या बाजूला असते. कमान दोन्ही बाजूंना आणि मागच्या टोकापर्यंत पाहावी लागते. उजवीकडचा हर्निया तर अधिकच फसवा. तिथे यकृत वर चढते आणि त्याची करडी छटा फुप्फुसाच्या छटेशी इतकी जुळते की दोन्ही वेगळे ओळखू येत नाहीत. अशा वेळी कलर डॉपलर (रक्तप्रवाह रंगांत दाखवणारी सोनोग्राफी) लावून यकृताच्या रक्तवाहिन्या कुठवर गेल्या आहेत ते पाहावे. हर्निया सापडल्यावर विरुद्ध बाजूच्या फुप्फुसाचे क्षेत्रफळ आणि डोक्याचे माप यांचे गुणोत्तर काढून त्या आठवड्याला अपेक्षित असलेल्या गुणोत्तराशी ताडतात. ते अपेक्षित गुणोत्तराच्या २५ टक्क्यांहून कमी असेल तर आजार गंभीर समजला जातो.

फुप्फुसाचा एखादा भाग आजूबाजूपेक्षा पांढरट किंवा पाण्याच्या पिशव्यांनी भरलेला दिसला, तर त्याला रक्त कुठून येते ते डॉपलरवर शोधावे. थेट महाधमनीतून वाहिनी येत असेल तर निदान वेगळे होते. फुप्फुसातले असे बरेच भाग शेवटच्या तिमाहीत लहान दिसू लागतात, म्हणून पहिल्याच दिवशी कुटुंबाला घाबरवून सोडू नये.

पोटाच्या भिंतीसाठी नाळ जिथे शिरते ती जागा रंगासकट दाखवावी. आतडी नाळेच्या उजव्या बाजूने बाहेर येऊन आवरणाशिवाय गर्भजलात तरंगत असतील तर तो गॅस्ट्रोस्कायसिस. नाळ थेट पिशवीवरच जोडलेली आणि अवयव त्या पिशवीत असतील तर तो एक्झॉम्फॅलॉस. दोहोंची गल्लत महागात पडते, कारण गुणसूत्रांचे दोष दुसऱ्या प्रकारात बरेच अधिक आढळतात. १२ आठवड्यांपूर्वी मात्र आतड्याचा थोडा भाग नाळेच्या बुडाशी असणे स्वाभाविक आहे. तेवढ्यावरून निदान करू नये.

काही दोष विसाव्या आठवड्यात दिसतच नाहीत, हे कुटुंबांना स्पष्ट शब्दांत सांगितले जात नाही, याची आम्हाला खंत वाटते. लहान आतड्याची सुरुवात बंद असेल तर जठर आणि त्यापुढचा फुगलेला भाग असे एकमेकांना जोडलेले दोन बुडबुडे दिसतात, पण बहुतेकदा २४ आठवड्यांनंतर. त्यातल्या जवळपास एक तृतीयांश गर्भांना डाउन सिंड्रोम असतो. अन्ननलिका बंद असेल तर जठर दिसू नये असे वाटते. प्रत्यक्षात अशा बहुतेक गर्भांत श्वासनलिकेतून खाली एक वाट असते, तिच्यातून द्रव जातो आणि जठर दिसते. मग गर्भजल वाढत जाणे एवढाच काय तो इशारा उरतो. जठर पहिल्या नजरेत दिसले नाही तर अर्ध्या-पाऊण तासाने पुन्हा पाहावे, ते नुकतेच रिकामे झालेले असू शकते. मूत्राशयालाही हेच लागू.

मूत्रपिंडाच्या आतल्या पोकळीचे पुढून मागे माप २८ आठवड्यांपर्यंत ४ मिलिमीटरहून कमी आणि त्यानंतर ७ मिलिमीटरहून कमी असावे. थोडे अधिक भरले तर पुढच्या तपासणीची तारीख ठरवावी, एवढेच. मूत्राशय फुगलेले, त्याची भिंत जाड आणि खालचा मार्ग कुलपाच्या भोकासारखा दिसत असेल, शिवाय गर्भजल आटत चालले असेल, तर प्रश्न मूत्रपिंडापुरता राहत नाही. दुसऱ्या तिमाहीत गर्भजल मुख्यतः गर्भाच्या लघवीचेच असते आणि ते नसेल तर फुप्फुसे वाढत नाहीत. मूळ दोष पोटातला, पण बाळाचा जीव धोक्यात येतो तो छातीत.

म्हणून गर्भाची पाठ वर असेल, आईच्या पोटावर चरबीचा थर जाड असेल किंवा गर्भजल कमी असेल, तर ‘श्वासपटलाचा मागचा भाग दिसला नाही’ असे सरळ लिहावे आणि पुन्हा बोलवावे. गर्भवतीनेही ‘जठर कुठे दिसले, श्वासपटल दोन्ही बाजूंना दिसले का’ असे विचारावे. यात डॉक्टरांवर अविश्वास नाही. हर्निया जन्माआधी कळला असेल तर प्रसूतीच्या खोलीत नवजात शिशूतज्ज्ञ तयार असतात आणि बाळाच्या तोंडावर मास्क लावून हवा भरत नाहीत, कारण ती हवा छातीत चढलेले जठर आणि आतडी फुगवून फुप्फुसांना आणखी चेपते. ते लगेच श्वासनलिकेत नळी घालतात आणि जठरात दुसरी नळी टाकून ते रिकामे करतात.

आपले,
गर्भाच्या सोनोग्राफीचे काम करणारे डॉक्टर