सुध्यास, किझीहून आल्यावर

पेत्रोझावोद्स्क, मंगळवार रात्र

सुध्या लेका,

गुडघा बरा आहे, साखर आटोक्यात. तो विषय संपला.

आज रशियातल्या किझी बेटावर जाऊन आलो. ओनेगा सरोवरातून बोटीनं सव्वा तास. ज्याच्या पोस्टरवरून हॉस्टेलात आपण अबोला धरला होता, ते येशूच्या रूपांतराचं चर्च. १७१४ सालचं, ३७ मीटर उंच, २२ घुमट आणि सगळं लाकूड. त्यात एकही खिळा नाही, या आपल्या पैजेचा निकाल सांगतो: भिंतींना खिळा नाही, ओंडके कोपऱ्यांवर खाचा पाडून एकात एक बसवलेत; पण घुमटांवरची अ‍ॅस्पेनची लाकडी कौलं मात्र खिळ्यांनी ठोकलीत. म्हणजे बरोबरी. जेवण तरीही तूच द्यायचंस.

रचना साधी आहे रे. मधे अष्टकोन, चार दिशांना चार टप्प्याटप्प्यांचे भाग, वर लहान होत गेलेले अष्टकोन. भिंत वरच्या टोकाला बाहेर फाकवलीय, पावसाचं पाणी अंगावर न घेता लांब टाकायला. कुठल्या सुताराला सुचलं असेल! नेस्टर नावाच्या कारागिरानं काम संपल्यावर कुऱ्हाड सरोवरात फेकली, अशी दंतकथा आहे. त्याचं शेवटचं बिल थकलं नसावं.

पण लिहायला बसलो ते आपल्या देवळाच्या लाकडी सभामंडपापायी. सोमवारी अहवाल द्यायचाय. विश्वस्तांना आतून लोखंडी सांगाडा हवाय, आणि तू तर कायम तेच म्हणत आलायस, ‘आधी लोखंड घाल, मग तत्त्वज्ञान सांग.’ इथं १९८०च्या सुमारास नेमकं तेच केलं. मूर्तिचित्रांची अख्खी भिंत उतरवली आणि चर्चच्या पोटात पोलादी सांगाडा उभा केला. लाकूड फुगतं, आकसतं, बसतं, पोलाद ढिम्म. आत माणसांना चाळीसेक वर्षं बंदी होती. हे ऐकून मी मनातल्या मनात तुझी अशी काही जिरवली!

मग पुढचं ऐकलं. दुरुस्तीसाठी त्यांनी इमारत सात थरांत वाटून घेतली. वरचा भाग जॅकनं उचलून त्याच सांगाड्यावर तोलून धरायचा, खालचा थर सोडवून बेटावरच्याच कारखान्यात न्यायचा, कुजलेलं तेवढं कापून नवं लाकूड सांधायचं, परत जागेवर. खालून वर, थरामागून थर. म्हणजे ज्याला शिव्या घातल्या त्याच्याच खांद्यावर काम झालं. गप्प हो, हसू नकोस.

कारण आपल्याकडे पुढे दुरुस्तीला कोण येणार? सांगाडा बसला की त्याला रंग लागेल, फरशी होईल, आमदार फीत कापतील. खांब आतून कुजत राहील आणि तो कोसळणार नाही म्हणून कुणी बघणारही नाही. सांगाडा नाही घातला आणि यात्रेच्या गर्दीत तुळई खाली आली तर? सही माझी. सुतारांचा खर्च आणि दुरुस्तीची मुदत लिहून दिल्याशिवाय लोखंडाला मंजुरी नाही, असं अहवालात घालू का? ‘हे आमच्या बजेटात बसत नाही’ म्हणतील. तू त्यांच्या जागी असतास तर तूही म्हणाला असतास, हरामखोरा.

चिन्मयीच्या अ‍ॅडमिशनचं कळलं, झकास. वहिनींची बदली थांबली का? घर घ्यायचं एवढ्यात ठरवू नका.

मसुदा उद्या पाठवतो. लाल पेनानं खरडून रविवारच्या आत परत पाठव.

तुझा,
बाळ्या