नुसतं 'लघवी पितात' लिहून सोडू नका

मा. संपादक, स.न.वि.वि.

अंतराळवीरांची बातमी आली की मथळा ठरलेला, ते म्हणे स्वतःची लघवी पितात, मग खाली हसणाऱ्यांच्या कॉमेंट्स आणि विषय संपला. अहो पण तिथे श्वासाला हवा कुठून येते हे कोणी लिहीतच नाही! स्पेस स्टेशनवर बराचसा ऑक्सिजन पाण्यातूनच काढतात, सोलर पॅनलची वीज पाण्यात सोडायची की ऑक्सिजन आणि हायड्रोजन वेगळे होतात, ऑक्सिजन केबिनमध्ये. म्हणजे तिथे पाणी कमी पडलं तर नुसती तहान नाही, श्वासाचीही पंचाईत. माणशी दिवसाला साधारण 840 ग्रॅम ऑक्सिजन आणि पिणं-जेवण-स्वच्छता धरून पावणेचार लिटरच्या आसपास पाणी लागतं, हे सगळं कायम रॉकेटनेच पाठवत बसलं तर कोणाला परवडणार, म्हणून लघवी, घाम, श्वासातली वाफ काहीच वाया घालवत नाहीत.

2008 मध्ये एंडेव्हर शटलने पाणी शुद्ध करायची मशीन वर नेली, मे 2009 मध्ये तिथल्या लोकांनी ते पाणी पहिल्यांदा प्यायलं आणि 2023 मध्ये नासाने सांगितलं की आता 98 टक्के पाणी परत मिळतंय. मधे बऱ्याच भानगडी झाल्या. वजनरहित अवस्थेत हाडांतलं कॅल्शियम झिजून लघवीत उतरतं, ते मशीनमध्ये साचून ती तुंबली, म्हणजे मशीनलाच मुतखडा झाला म्हणा ना. आणि जून 2024 मध्ये सुनीता विल्यम्स आणि बुच विल्मोर निघाले तेव्हा वरच्या लघवी-मशीनचा पंप बंद पडलेला, तर नवीन पंपाला जागा करायला यांच्या बॅगा यानातून काढून ठेवल्या! आठवड्याभरासाठी गेलेली माणसं मार्च 2025 मध्ये परतली, तेव्हा कपड्यांच्या बॅगेपेक्षा तो पंप गेला हेच बरं झालं असं मला तरी वाटतं.

हवेचं अजून एक. तिथे गरम हवा वर जात नाही, त्यामुळे पंखे थांबले तर झोपलेल्या माणसाने सोडलेला कार्बन डायऑक्साइड त्याच्याच तोंडाभोवती साचतो, म्हणून पंखे सतत चालू, आणि तो वायू शोषून घ्यायला झिओलाइट नावाच्या खनिजाचे थर. आवाज किती होत असेल देव जाणे.

हे सगळं आत्ताच का लिहितोय, तर आपले शुभांशु शुक्ला 2025 मध्ये 18 दिवस याच व्यवस्थेवर राहून आले. गगनयानचा बेत तीन जणांना तीन दिवस न्यायचा, तेवढ्याला सोबत नेलेला साठा पुरतो, पण 2035 पर्यंत स्वतःचं स्टेशन उभारायचं म्हणतोय तर ही मशिनरी आपल्यालाही लागणारच. तेव्हा गगनयानची पुरवणी काढाल त्यात रॉकेटच्या फोटोंसोबत या पाण्या-हवेच्या मशीनचीही एक नीट आकृती मराठीत द्या, शाळेतली पोरं कापून वहीत चिकटवतील.

आपला एक वाचक, सातारा