आधी बी-१२ तपासा, मग मिथायलेशन शिकवा

संपादक महोदय,

रविवारच्या पुरवणीतला मेंदू आणि मिथायलेशनवरचा (म्हणजे शरीरात रेणूंना मिथायल नावाचा छोटा रासायनिक गट जोडला जाण्यावरचा) लेख वाचला. गोळ्या घेऊन मिथायलेशन सुधारा, मन ताळ्यावर येईल, असा त्याचा सूर. चित्रं फारच सुरेख होती. गोळ्यांनी मन इतकं पटकन ताळ्यावर येत असतं, तर मानसोपचाराच्या ओपीडीत रांगा कशाला लागल्या असत्या?

मेंदूतल्या डोपामिन या रसायनाचा निचरा होताना मिथायल गट जोडला जातो, सेरोटोनिनपासून मेलाटोनिन होतानाही जोडला जातो, हे लेखिकेचं बरोबर आहे. पण हा कारभार चालायला फॉलेट या जीवनसत्त्वाच्या जोडीला बी-१२ हे जीवनसत्त्व लागतं, त्याचा लेखात उल्लेखही नाही!

माझ्या सासूबाई पक्क्या शाकाहारी, त्यात बरीच वर्षं मधुमेहासाठी मेटफॉर्मिन. त्यानंही बी-१२ घटतं. विसरू लागल्या, उगाच चिडू लागल्या, पायांना मुंग्या. रामदासपेठेतल्या एका ‘वेलनेस’वाल्यानं जनुकचाचणी करून फॉलेटच्या वापराशी संबंधित एमटीएचएफआर जनुकामध्ये बदल शोधला (धडधाकट माणसांतही तो सर्रास सापडतो) आणि फॉलेटचंच गोळीतलं रूप असलेल्या फॉलिक अ‍ॅसिडच्या जबर डोसचा डबा हातात ठेवला. हिमोग्लोबिन वाढलं. साहेब खूश! इकडे मुंग्या गुडघ्यापर्यंत चढल्या, रात्री बाथरूमला जाताना सासूबाई भिंत धरू लागल्या. शेवटी मेडिकल या सरकारी रुग्णालयातल्या एका तरुण डॉक्टरणीनं पहिलाच प्रश्न केला, “आजी, अंडं-मासळी काही खाता का जी?” बी-१२ पार तळाला गेलं होतं. फॉलिक अ‍ॅसिडनं रक्त सुधारलेलं दिसतं, पण बी-१२ नसेल तर मज्जातंतूंची झीज चालूच राहते, हे डॉक्टरकीच्या पुस्तकांत कधीपासून छापलेलं आहे. इंजेक्शनं घेतल्यावर डोकं बरंच ठिकाणावर आलं. तळपायांची बधिरता मात्र राहिली ती राहिलीच. त्या साहेबांनी पैसे तर परत दिले नाहीतच, वर फोन उचलणंही बंद केलं.

लेखिकाबाई उदास माणसाला सरसकट सॅम-ई (मिथायल गट पुरवणाऱ्या रसायनाच्या गोळ्या) सुचवतात. बायपोलर (कधी नैराश्य, कधी उन्माद असा आजार) असलेल्याला त्यानं उन्मादाचा झटका येऊ शकतो, हे सांगायला दोन ओळींची जागा निघाली नाही. त्याच पानावर स्मरणशक्तीच्या पावडरीच्या जाहिरातीला मात्र अर्धं पान निघालं. योगायोगच असेल म्हणा.

पुढच्या रविवारी मेडिकल किंवा मेयो रुग्णालयातल्या एखाद्या डॉक्टरांकडून लिहून घ्या, आणि ते जाहिरातीपासून लांब छापा.

शिवाय, शब्दकोड्याचं उत्तर गेल्या आठवड्यापासून गायब आहे. त्यासाठीही गोळ्या घ्यायच्या का?

– एक वर्गणीदार, मानेवाडा, नागपूर