खुलं पत्र: मंत्रीसाहेब, रोपाची उंची राहू दे, पिशवी फाडून मूळ बघा

माननीय वनमंत्री साहेब, कर्नाटक सरकार, बेंगळुरू

सप्रेम नमस्कार.

मी खानापूर तालुक्यातला, जांबोटीच्या अंगाचा शेतकरी. भात, थोडे काजू आणि घरामागं पडीक माळ, एवढंच आपलं. मराठीत लिहितोय कारण राग आला की मला कानडी सुचत नाही, भाच्यानं कानडीत करून वेगळं पाठवलंय, तेव्हा भाषेवरनं कागद बाजूला ठेवू नका.

विषय सोटमुळाचा आहे, म्हणजे झाडाचं सरळ खाली जाणारं मुख्य मूळ.

पाच वर्षांमागं एका नर्सरीतनं फणस, हिरडा, बेहडा मिळून साठेक रोपं आणली. काळ्या पिशवीतली, कमरेएवढी, पानं नुसती चकचकीत, आमची मंडळी पण म्हणाली यंदा बरी मिळाली की हो. खड्डे मारले, शेणखत घातलं, दोन उन्हाळे घागरीनं पाणी घातलं, तिसऱ्या वर्षी डोक्याच्या वर गेली. आणि चौथ्या आषाढात वारं सुटलं तर फणस एकामागनं एक आडवे. मोडले नाहीत हां, बुडासकट निघाले. उलटं करून बघतोय तर खाली सोटमूळच नाही, मुळांची चुंबळ! बायका डोक्यावर घागरीखाली घेतात ना, तशी गोल गोल, आणि माप अजून त्या पिशवीचंच. म्हणजे चार वर्षं झाड माझ्या जमिनीत आणि मूळ मात्र नर्सरीच्या पिशवीत.

आता हे होतं कसं ते सांगतो, तुमच्या अधिकाऱ्यांना ठाऊक असणारच, पण सांगतो. फणसाची आठळी रुजली की वर पानं नीट उघडायच्या आत मूळ खाली पळायला लागतं. चिंच, हिरडा, काजू, सगळ्यांची तीच तऱ्हा, आधी खाली ओल गाठायची आणि मग वर वाढायचं. ते जाऊन पिशवीच्या तळाला टेकतं. मग एकतर आतल्या आत वेटोळं घालतं, नाहीतर भोकातनं बाहेर पडून नर्सरीच्या जमिनीत घुसतं, आणि टेम्पो भरताना पोरगं पिशवी हिसडतं तेव्हा टच्कन तुटतं. वेटोळं एकदा लाकूड झालं की ते परत सरळ होत नाही, जमिनीत किती पण खोल खड्डा मारा. आमच्याकडं तर वीतभर माती आणि खाली जांभा, मार्चनंतर वरची माती कोरडी ठाक, सोटमूळ खाली भेगेत गेलं नसेल तर झाड प्यायचं काय?

उपाय काय रॉकेट सायन्स नाही. कुंडी जमिनीवर टेकवायचीच नाही, जाळीवर किंवा स्टँडवर ठेवायची. मुळाचं टोक तळातनं बाहेर आलं की हवेत वाळतं, तिथंच थांबतं आणि वरनं बाजूची मुळं फुटतात, गुंता होत नाही. रूट ट्रेनर म्हणून रोपं वाढवायचे प्लास्टिकचे कप मिळतात, त्यांना आत उभ्या कडा असतात त्या पण ह्याचसाठी, मूळ गोल न फिरता खाली उतरावं म्हणून. पण त्या कपात रोप वेळेत काढलं पाहिजे, गेल्या साली उरलेलं यंदा खपवलं तर तिथं पण तेच. मी स्वतः दोन फुटी पाइप उभे चिरून, तारेनं बांधून, खाली जाळी लावून विटांवर ठेवले आणि आठळ्या टाकल्या. ताज्या टाकाव्या लागतात, वाळल्या की रुजत नाहीत. पुढच्या मृगात पाइप उघडला तर मूळ सुतासारखं सरळ. खर्च जास्त आणि वजनाला जड, टेम्पोत थोडीच बसतात, ते मी नाकारत नाही. जागेवर बी टोकणं सगळ्यात स्वस्त, आमचा आज्जा तेच करायचा, पण आता रानडुक्कर आणि साळिंदर ठेवत नाहीत.

मागणी एवढीच की रोपं घेताना नुसती संख्या आणि उंची बघू नका. रोपाचं वय किती, पिशवी खोल किती, आणि शंभरातली चार-पाच फाडून मूळ कसं आहे, हे बिल पास करायच्या आधी लिहून घ्या. शेतात झाडं लावायच्या तुमच्या कृषी अरण्य योजनेत जगलेल्या रोपामागं तीन वर्षं पैसे देता, चांगलंच आहे, पण माझे फणस तिसऱ्या वर्षापर्यंत कागदावर जिवंतच होते की! आणि सौंदत्ती-रामदुर्गाकडं, जिथं पाऊसच कमी, तिथल्या कडुनिंबाचं आणि चिंचेचं काय होत असेल, विचार करा.

वनमहोत्सव 1950 पासनं चालू आहे, दर जुलैत फोटो निघतात. यंदा फोटोच्या आधी एक पिशवी ब्लेडनं उभी फाडायला सांगा, तुमच्यासमोर.

माझ्याकडची एक चुंबळ मी टाकलेली नाही, गोठ्यात खुंटीला टांगलीय. कणकुंबीकडं येणं झालं तर वाटेतच आहे घर.

आपला,
जांबोटी भागातला एक शेतकरी