इथिओपियातल्या हाररपर्यंत पोहोचवणाऱ्या ताईंना

प्रिय ताई,
सप्रेम नमस्कार.

नाव छापू नका, असं तुम्ही बजावलंत, म्हणून छापत नाही. पण पत्र मात्र जाहीरच लिहिते आहे. तिकीट काढून देणारे पुष्कळ भेटतात. तुम्ही आम्हाला जे दिलंत ते कुठल्याच तिकिटावर छापलेलं नव्हतं, आणि ते चार लोकांना कळायला हवं असं मला मनापासून वाटतं.

लेकीकडून, म्हणजे जोहान्सबर्गहून, मुंबईला परत यायचं साधं तिकीट आम्ही मागितलं होतं. मध्ये इथिओपियात, अदिस अबाबाला विमान बदलायचं आणि रात्रभर थांबायचं. तुम्ही पडद्याकडे पाहिलंत, मग माझ्याकडे पाहिलंत आणि विचारलंत, "मॅडम, तुम्ही इतकी वर्षं या शहरात इतिहास शिकवला. ज्या माणसानं हे शहर वसवलं त्याच्या देशात नुसती रात्र काढून परत येणार?"

मी गप्प झाले. मलिक अंबर मी वर्गात वर्षानुवर्षं शिकवला. 1610 साली त्यानं खडकी वसवलं, तेच पुढे औरंगाबाद आणि आता छत्रपती संभाजीनगर. जहांगीरच्या फौजांना त्यानं दख्खनमध्ये जेरीस आणलं, 1624 मध्ये भातवडीची लढाई जिंकली. शहाजीराजे त्या लढाईत त्याच्या बाजूनं होते. जमीन महसुलाची त्याची घडी, शहराला जमिनीखालून पाणी आणणारी नहर-ए-अंबरी, भडकल दरवाजा, सगळं मला तोंडपाठ. "मूळचा हबशी" हे दोन शब्द मात्र मी फळ्यावर लिहायची आणि पुढे जायची. 1548च्या सुमारास इथिओपियात जन्मलेलं एक पोर गुलाम म्हणून विकलं गेलं, अरबस्तान आणि बगदाद करत अहमदनगरला पोहोचलं, ते निघालं तो मुलूख कसा असेल, हे तुम्ही विचारलंत तेव्हा माझ्या मनात पहिल्यांदा आलं.

आणि मग तुम्ही कामाला लागलात. चोवीस तासांच्या आतला मुक्काम म्हणजे नुसती जोडणी. त्याहून जास्त थांबलं की तिकिटात तो वेगळा थांबा धरला जातो आणि भाड्याचा हिशेब बदलू शकतो, हे तुम्ही आम्हाला कागदावर रेघ मारून समजावलंत. वेगवेगळ्या तारखा घालून पाहिल्यात आणि फरक थोडासाच पडेल असा दिवस शोधलात. त्याच विमान कंपनीचं आंतरराष्ट्रीय तिकीट हातात असेल तर इथिओपियातलं देशांतर्गत उड्डाण स्वस्त पडतं, हे तर आम्हाला ठाऊकच नव्हतं. ई-व्हिसाचा अर्ज तुम्ही शेजारी बसून भरून घेतलात. जोहान्सबर्गच्या काउंटरवर बॅगांचा टॅग अदिसपर्यंतचाच आहे ना, तो डोळ्यांनी बघा, ही सूचना तर तीनदा दिलीत.

सगळ्यात मोठे उपकार पीतज्वराच्या लशीचे. इथिओपियाहून भारतात येणाऱ्याकडे त्या लशीचं प्रमाणपत्र नसेल तर विमानतळावरूनच सहा दिवसांपर्यंत विलगीकरणात ठेवतात, आणि लस प्रवासाच्या निदान दहा दिवस आधी घेतलेली असावी लागते. ही गोष्ट ऐनवेळी कळून काहीच उपयोग नसतो. आमची दोघांची साठी उलटलेली. या वयात ही लस डॉक्टरांना विचारल्याशिवाय घ्यायची नाही, म्हणून आधी त्यांच्याकडे जाऊन या, असं तुम्ही निक्षून सांगितलंत. डॉक्टरांनी तपासून होकार दिला, तेव्हाच तुम्ही पैसे भरू दिलेत. धंदा करणाऱ्या माणसानं गिऱ्हाइकाला असं थांबवणं मी फार कमी पाहिलं आहे.

हे सगळं तुम्हाला इतकं बारकाईनं कसं माहीत, ते नंतर कळलं. सम्राट हैले सेलासी यांच्या काळात हजारो भारतीय शिक्षक इथिओपियात शिकवायला गेले, त्यांत तुमचे वडीलही होते. तुमचं लहानपण अदिसमध्ये गेलं. तुम्ही आम्हाला वहीची दोन पानं लिहून दिलीत. ती मी प्रवासात पर्समध्ये ठेवली होती आणि दर तासाला काढत होते.

वहीत पहिलंच वाक्य घड्याळाबद्दल होतं. तिथे तास सूर्योदयापासून मोजतात. आपले सकाळचे सात म्हणजे त्यांचा एक. "गाडीवाला दोन वाजता येतो म्हणाला तर सकाळी आठला तयार राहा." अगदी तसंच झालं. आम्ही आठ वाजता हॉटेलच्या दारात उभे होतो आणि गाडी आली. कॅलेंडरही वेगळं, तेरा महिन्यांचं. आम्ही गेलो 2024च्या ऑक्टोबरअखेर, आणि हॉटेलच्या पावतीवर साल होतं 2017. ह्यांनी ती पावती जपून ठेवली आहे.

अदिस साधारण 2,350 मीटर उंचीवर आहे. पहिल्या दिवशी जिना चढताना धाप लागली. "पहिला दिवस हळू घ्या, पाणी प्या, फक्त संग्रहालय बघा," असं वहीत होतंच. राष्ट्रीय संग्रहालयात ल्युसीच्या सांगाड्याची प्रतिकृती पाहिली. 1974 मध्ये अफार भागातल्या हदार इथे सापडलेली ही 32 लाख वर्षांपूर्वीची पूर्वज. तिथले लोक तिला डिंकनेश म्हणतात. ती इतकी लहानखुरी असेल असं वाटलं नव्हतं. अडवा विजयाचं स्मारकही पाहिलं. 1896 मध्ये मेनेलिक दुसरा आणि सम्राज्ञी तायतू यांच्या सैन्यानं इटलीचा पराभव केला, ती लढाई तिथली शाळकरी मुलं ज्या अभिमानानं एकमेकांना समजावून सांगत होती, ते पाहून माझ्यातली शिक्षिका तिथेच रेंगाळली.

जेवणाची आम्हाला काळजी होती, कारण आम्ही दोघंही शाकाहारी. बुधवारी आणि शुक्रवारी ऑर्थोडॉक्स ख्रिश्चनांचा उपास असतो, त्या दिवशी मांस आणि दूधदुभतं चालत नाही. म्हणून "त्सोम", म्हणजे उपासाचं जेवण मागा, असं तुम्ही लिहिलं होतं. आम्ही बुधवारी मागितलं. टेफ नावाच्या धान्याच्या पिठाची आंबूस, जाळीदार पोळी, म्हणजे इंजेरा, तिच्यावर मसूर, पालेभाजी, कोबी-बटाटा आणि मध्ये शिरो आला. हरभऱ्याच्या पिठाचा, लसूण घातलेला, झणझणीत. पहिल्याच घासाला हे म्हणाले, "अगं, हे तर पिठलं!" त्यानंतर आम्ही रोज शिरोच मागवला.

आता हाररबद्दल. अदिसहून दिरे दावापर्यंत तासाभराचं विमान, आणि तिथून घाट चढत जाणारा पन्नासेक किलोमीटरचा रस्ता. दिरे दावात उतरताच दिसल्या त्या निळ्या-पांढऱ्या तीनचाकी रिक्षा. तिथे रिक्षाला सगळे "बजाज"च म्हणतात. आपल्या शहराजवळ वाळूजला बजाजच्या कारखान्यात तीनचाकी तयार होतात, हे मी आमच्या गाडीवाल्याला सांगितलं, तेव्हा त्यानं गाडी बाजूला घेऊन आम्हा दोघांशी हस्तांदोलन केलं.

हाररचं जुनं शहर, जुगोल, तटबंदीच्या आत आहे. 2006 पासून ते जागतिक वारसा यादीत आहे. पाच जुने दरवाजे, आत 82 मशिदी, आणि दोन माणसं जेमतेम शेजारून जातील एवढ्याशा गल्ल्या. मलिक अंबरचा जन्म याच भागात झाला असं मानलं जातं. आम्ही दरवाजांच्या शहरातली माणसं, त्यामुळे तटाखाली उभं राहून वर बघायची सवय आहेच. पण तिथे मला फौजा आठवल्या नाहीत. या मुलखातून हाताला धरून नेलेलं मूल आठवलं आणि मला रडू आलं. पाठ्यपुस्तकातल्या त्याच्या लढाया मी इतक्या वेळा शिकवल्या, पण त्याला आईबाप असतील हे कधी वर्गात बोलले नव्हते.

तुम्ही वहीत लिहिलं होतं, "भडकल दरवाजाचा आणि मलिक अंबरच्या खुलताबादच्या कबरीचा फोटो मोबाईलमध्ये घेऊन जा, तिथल्या लोकांना दाखवा." त्या एका ओळीनं आमचा सगळा मुक्काम बदलला. आमच्या तरुण वाटाड्याला मी फोटो दाखवले आणि 1626 मध्ये मलिक अंबर वारला तेव्हा तो दख्खनचा केवढा मोठा माणूस होता ते सांगितलं. त्यानं आधी माझ्याकडे बघितलं, मग फोटो मोठा करून बघितला आणि आम्हाला थेट आपल्या घरी नेलं. जुनं हारारी घर होतं: लाल रंगवलेले, चढत्या उंचीचे ओटे, भिंतभर टांगलेल्या रंगीत टोपल्या. त्याच्या आजीनं बुना, म्हणजे तिथली कॉफी, मांडला. हिरव्या बिया समोरच भाजल्या, खलबत्त्यात कुटल्या, मातीच्या जेबेनात उकळल्या. अबोल, तोना, बरका असे तीन फेर होतात आणि तिसरा घेतल्याशिवाय उठायचं नसतं, हे तुम्ही लिहिलं नसतं तर आम्ही पहिल्या कपाला आभार मानून निघालो असतो. तीन फेरांत मी अख्खा मलिक अंबर सांगितला. वाटाड्या भाषांतर करत होता, गल्लीतली माणसं येऊन ओट्यांवर बसत होती. निवृत्तीनंतर मी घेतलेला तो पहिला तास.

संध्याकाळी तटाबाहेर तरसांना मांस भरवतात तेही पाहिलं. काठीला मांस लावून माणूस हाक मारतो आणि अंधारातून तरसं येतात. ह्यांनी स्वतः भरवलं. मी लांबूनच पाहिलं. फ्रेंच कवी रँबो याच्या नावाचं संग्रहालय आहे, ती लाकडी नक्षीची देखणी वास्तू एका भारतीय व्यापाऱ्यानं बांधलेली निघाली. त्याबद्दल सविस्तर भेटीत बोलू.

ताई, एक काम आहे. त्या वाटाड्याला नहर-ए-अंबरीबद्दल फार कुतूहल वाटलं. शहराला जमिनीखालून पाणी कसं आणलं, त्याची माहिती आणि फोटो पाठवते असं मी त्याला कबूल केलं आहे. फोटो ह्यांनी मागच्या आठवड्यात काढून आणले. मजकूर मी मराठीत लिहून ठेवला आहे. तुमचं अम्हारिक अजून चांगलं आहे हे मला माहीत आहे, तेव्हा भाषांतर तुम्हीच करून द्यायचं. त्याच्या आजीला आठवणीनं वेगळा नमस्कार लिहायचा आहे. येत्या रविवारी दुपारी मी कागद घेऊन येते. हाररची कॉफी आणली आहे, तीही घेऊन येते. तिन्ही फेर होतील एवढा वेळ काढून ठेवा.

तुमची ऋणी,
इतिहासाची एक निवृत्त शिक्षिका
छत्रपती संभाजीनगर