तीन खात्यांच्या मधोमध बसलेल्या मॅडमना

आदरणीय मॅडम,
सा. न. वि. वि.

मी लक्षात असेनच असं नाही. राधानगरीकडची, आयटीआयच्या इलेक्ट्रिशियन ट्रेडची. आधारवर वडिलांच्या नावात एक ‘ए’ जास्त होता आणि त्यापायी जिचा शिकाऊ उमेदवारीचा (अप्रेंटिसशिपचा) करार पोर्टलवर अडकला होता, ती. आता डिप्लोमाच्या दुसऱ्या वर्षाला आहे, म्हणून हे पत्र.

आयटीआय होईपर्यंत मला वाटायचं, सरकार म्हणजे एकच. तुमच्या टेबलाशी बसल्यावर कळलं, आयटीआय राज्याच्या कौशल्य विभागाकडे, करार केंद्राच्या पोर्टलवर आणि डिप्लोमाचे प्रवेश तंत्रशिक्षण संचालनालयाकडे, म्हणजे तिसरंच दार. नियम तसे चांगलेच आहेत. शिकाऊ उमेदवारीचा कायदा १९६१ पासून आहे. ३० किंवा जास्त माणसं कामाला असलेल्या आस्थापनेला अडीच ते १५ टक्के शिकाऊ घ्यावेच लागतात. विद्यावेतनातला २५ टक्के वाटा, महिन्याला दीड हजारांपर्यंत, केंद्र उचलतं. दहावीनंतर दोन वर्षांचा ट्रेड केला की थेट दुसऱ्या वर्षाला डिप्लोमाही करता येतो. पण एका खात्याचा कागद दुसऱ्या खात्याला कधी आणि कसा लागतो, हे मला तरी कुठल्या जीआरमध्ये सापडलं नाही. तुम्हाला ते तोंडपाठ होतं.

गोकुळ शिरगावच्या त्या कारखान्याने आधी नकारच दिला होता. मेंटेनन्सला मुलगी कशी घेणार, हा त्यांचा प्रश्न. तुम्ही माझ्यासमोरच फोन लावलात. मला वाटलं, आता कायद्याचं कलम ऐकवणार. तुम्ही एवढंच म्हणालात, “साहेब, तिला स्टार-डेल्टाचं कंट्रोल वायरिंग करायला द्या. नाही जमलं तर परत पाठवा.” म्हणजे मोटर आधी स्टार जोडणीत कमी करंटवर सुरू करायची आणि मग डेल्टा जोडणीवर न्यायची. तीन कॉन्टॅक्टर (विजेवर चालणारे स्विच), एक टायमर, एक ओव्हरलोड रिले (जादा करंट गेला तर मोटर बंद करणारा). स्टार आणि डेल्टा एकाच वेळी चालू होऊ न देणाऱ्या इंटरलॉकच्या वायरी ओढताना घाम फुटला होता, पण मोटर पहिल्या झटक्यात स्टारवरून डेल्टावर गेली. सुपरवायझर काका काही बोलले नाहीत. दुसऱ्या दिवशी सेफ्टी शूजचा नंबर विचारला.

वर्ष संपताना खरी कसोटी होती. प्रवेशाची तारीख जवळ आलेली आणि गुणपत्रकावर नाव वेगळं, आधारवर वेगळं. “आधी आधार दुरुस्त, मग पोर्टल, मग प्रवेशाचा अर्ज. उलटं केलंस तर तिन्हीकडे लटकशील,” असं म्हणत तुम्ही पाठकोऱ्या कागदावर क्रम लिहून दिलात. कुठलं ऑफिस, कुठली झेरॉक्स, कोणाची सही, दुपारी जेवणाच्या सुट्टीआधी गाठायचं की नंतर, सगळं. समन्वय समित्यांच्या बैठका होतच असतील; माझ्यापुरता समन्वय त्या कागदावर झाला.

खरं तर असा कागद खात्यांनीच छापून प्रत्येक आयटीआयच्या नोटीस बोर्डावर लावायला हवा. सगळ्यांनाच तुमच्यासारखं माणूस भेटतं असं नाही, आणि तुमची बदली झाली तर पुढच्या पोरांनी काय करायचं?

तो क्रम मी मोबाइलवर टाइप करून ज्युनिअर बॅचच्या ग्रुपवर टाकलाय. मधे काही नियम बदलला असेल तर कळवा, लगेच दुरुस्त करते. मनापासून आभार.

आपली,
एक माजी शिकाऊ उमेदवार