ऊद ऐकवायचा तर त्याच्या सुरांत ऐकवा

माननीय संपादक,
स. न. वि. वि.

गेल्या महिन्यात आपल्या शहरात एक 'फ्यूजन संध्या' झाली. त्यात ऊद, म्हणजे अरबी-तुर्की संगीतातलं तंतुवाद्य, होता. सोलापुरात हे वाद्य जाहीरपणे वाजणार म्हणून मी वेळेआधी जाऊन पुढची जागा धरली. वादक तयारीचा होता. त्याने रास्त मकाम (मकाम म्हणजे ढोबळमानाने तिकडचा राग) छेडला, दोन-चार स्वर झाले असतील नसतील, तोच शेजारच्या कीबोर्डने भरघोस मेजर कॉर्ड, म्हणजे सा-ग-प एकदम, दाबली. उदाचा गंधार एका जागी, कीबोर्डचा दुसऱ्या. दोन्ही एकदम कानावर आले आणि मागच्या रांगेतल्या बाई म्हणाल्या, "हे बेसूर लागलंय." त्यांचा काही दोष नाही. पण त्या क्षणी सुरात होता तो ऊदच, आणि हे कोणीतरी सांगायला हवं म्हणून हे पत्र.

मी निवृत्त संगीतशिक्षिका. यजमानांच्या नोकरीमुळे मस्कतला राहणं झालं, तिथे एका इराकी उस्तादांकडे ऊद शिकले. गाण्याची तालीम आधी झालेली असूनही पहिले कितीतरी दिवस त्यांनी माझ्याकडून रास्तचा गंधारच घोटून घेतला. उदाला पडदे नसतात. दांडी आखूड, बोट तीळभर सरकलं तरी स्वर बदलतो. त्यात रीशा, म्हणजे वाजवायची लांबट पट्टी, मुठीत धरून मनगट आत वळवायचं. पूर्वी ती गरुडाच्या पिसाची असे, आता बहुधा प्लास्टिकची असते.

हा गंधार नेमका कुठे आहे? तंबोरा नीट जुळला की खर्जाच्या तारेतून स्वयंभू गंधार उमटतो, तो आपल्याकडच्या गाणाऱ्यांना ठाऊक आहे. तुर्की रास्तचा गंधार त्याच्या अगदी लगत लागतो. तुर्की शास्त्रात एका पूर्ण स्वराचे नऊ भाग मानतात, त्याला कोमा म्हणतात, आणि कुठल्या मकामात स्वर किती कोमा चढा-उतरा हे ठरलेलं असतं. अरबी रास्तचा गंधार याहून बराच खाली, कोमल आणि शुद्ध यांच्या जवळजवळ मध्ये, आणि तोसुद्धा प्रांताप्रांतात थोडा हलतो. निषादाचं तेच. बयाती मकामात हीच गत रिषभाची. यातलं काही कीबोर्डच्या काळ्या-पांढऱ्या पट्ट्यांत सापडत नाही.

आपल्याला हे दुखणं नवं नाही. आकाशवाणीने 1940 पासून 1971 पर्यंत हार्मोनियम बंद ठेवली, ती याच कारणावरून. तिकडे 1932 साली कैरोमध्ये अरबी संगीताची मोठी परिषद भरली होती, हंगेरीचा संगीतकार बेला बार्टोकही आला होता. सप्तकाचे किती भाग मानायचे आणि पियानोसारखं वाद्य अरबी संगीतात घ्यावं की नाही, यावर तिथे कडाक्याचे वाद झाले. त्या लोकांनी ज्या प्रश्नावर इतका खल केला, तो आपल्या व्यासपीठावर एका कॉर्डने निकालात निघाला, याचं मला फार वाईट वाटलं.

निहावंद, अजम, कुर्द असे मकाम घेतले असते तर कीबोर्ड निभावला असता. त्यांचे स्वर ढोबळमानाने आपल्या कीरवाणी, बिलावल आणि भैरवीचे. म्हणजे प्रश्न आधी वादकाला विचारण्याचा होता.

तालाचंही तसंच झालं. मग एक सेमाई वाजली. ही दहा मात्रांची तुर्की रचना अरबांनीही आपलीशी केली आहे. चार खंड असतात, प्रत्येक खंडानंतर तेच पालुपद येतं आणि चौथ्या खंडात बहुधा लय बदलून तीन किंवा सहा मात्रांची होते. तबलजींनी दहा मात्रा मोजल्या आणि झपताल धरला. पण झपतालाचे विभाग दोन-तीन-दोन-तीन, सेमाईचे तीन-दोन-दोन-तीन. सम जुळायची आणि मधला सगळा वजनाचा खेळ विस्कटायचा. तबलजी चांगले होते. त्यांना तालमीत कोणी सांगितलं असतं तर दोन आवर्तनांत त्यांनी ठेका बांधला असता.

सगळ्यात मोठी चुकामूक मात्र तक्सीमची झाली. तक्सीम म्हणजे ठेक्याविना केलेली बढत. आपल्या आलापाशी तिचं नातं लगेच कळतं, पण आपण एका रागात राहतो आणि तक्सीम मध्येच दुसऱ्या मकामात शिरून परत घरी येते. रास्तमधून निघून सबामध्ये उतरलेला वादक परत कसा येतो, हे ऐकण्यातच खरी गंमत. बगदादला 1930च्या दशकात तुर्की ऊदवादक शरीफ मुहिद्दीन तारगान शिकवायला आले, त्यांच्या शिष्यांत इराकी ऊदवादक मुनीर बशीर होते. बशीरांनी तर एकट्या उदावर, साथीशिवाय, जगभर मैफली केल्या. आपल्या कार्यक्रमात तक्सीमला मोजकी मिनिटं मिळाली, आणि तीही निवेदकाच्या बोलण्याखाली.

आपल्या वृत्तांताच्या मथळ्यात 'वाळवंटातले सूर' होते. तेही पटलं नाही. हे इस्तंबूल, कैरो, हलब (सीरियातलं अलेप्पो), बगदाद या शहरांत, दरबारांत आणि घरच्या बैठकांत घडलेलं संगीत आहे. तुर्कस्तानचा उस्मानी सुलतान तिसरा सलीम स्वतः रचनाकार होता.

आयोजकांना माझी विनंती आहे. पुन्हा उदाचा वादक आणाल तेव्हा हुतात्मा स्मृती मंदिराएवढं सभागृह भरवायच्या मागे लागू नका, शंभर माणसांची खोली पुरे. साथ द्यायचीच असेल तर व्हायोलिन द्या, त्यालाही पडदे नाहीत. आणि वाद्य उन्हात गाडीत ठेवू नका. मे महिन्यात माझ्या उदाची घोडी, म्हणजे तारा बांधायची पट्टी, कोरड्या हवेने सरेस सोडून उखडली होती, मिरजेच्या एका कारागिराने ती बसवून दिली. पाहुण्याच्या वाद्यावर आपल्या गावात ती पाळी नको.

आपल्या रविवारच्या पुरवणीत या संगीतावर सविस्तर मजकूर यावा. आणि शहरातल्या कुठल्याही संगीत वर्गाला दोन्ही रास्त शेजारी शेजारी ऐकायचे असतील, तर मी ऊद आणि तंबोरा घेऊन येईन. मानधन नको. माझा पत्ता आपल्या कार्यालयाकडे देत आहे.

आपली,
एक वाचक, जुळे सोलापूर